मागची गाडी आपली

गेल्या रविवारी सकाळी सिन्नरला मिसळीची वाट बघताना मी एक छोटं वाक्य बोललो. चार दिवस ते डोक्यातून जात नाही… म्हणून लिहून टाकतो.

आमचा जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा एक ग्रुप आहे. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहतो आणि माझ्याकडे साठच्या दशकातली दोन सीटची, उघड्या टपाची एक छोटी गाडी आहे. महिन्यातल्या एका रविवारी सगळे मिळून कुठेतरी नाश्त्याला जायचं, एवढाच कार्यक्रम.

ग्रुपमध्ये नियम एकच, तोही मोहनकाकांनी घालून दिलेला. मागची गाडी आपली. आरशात ती दिसेनाशी झाली की थांबायचं. मग तुमच्या पुढचा थांबतो, त्याच्या पुढचा थांबतो… कोणी कोणाला फोन न करता सगळी रांग उभी राहते. या गाड्यांच्या आवाजात फोन ऐकूही येत नाही.

आता माझ्या आरशाबद्दल. आधी मी स्कूटरचा मोठा आरसा लावला होता. त्यावरून दर वेळी कोणी ना कोणी विचारायचं, "किक कुठे आहे याची?" शेवटी मी परदेशातून ओरिजिनल आरसा मागवला. छोटा, गोल, पुढच्या मडगार्डवर बसणारा. सगळ्यांनी फोटो काढले. पन्नासच्या पुढे वेग गेला की त्यात थरथरणाऱ्या उजेडाशिवाय काही दिसत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कोणाला सांगितलं मात्र नाही.

रविवारी आम्ही सात गाड्या होतो. सगळ्यात मागे मोहनकाका आणि काकू त्यांच्या लाल गाडीत, त्यांच्या पुढे मी. नाशिकरोडच्या सिग्नलला मान वळवली तेव्हा काकूंनी हात केला. त्यानंतर थेट सिन्नर आलं… आणि काका आले नाहीत.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. दोघांचेही फोन वाजत होते, कोणी उचलत नव्हतं. सगळ्यात पुढे गाडी चालवणाऱ्या हर्षदने मला विचारलं, काका कुठपर्यंत मागे होते?

मी म्हणालो, "घाट चढेपर्यंत होतेच की."

हे खोटं होतं का? मला वाटलं होतं ते मागे आहेत, आणि माझी खात्रीही होती. पण पाहिलं नव्हतं… आणि पाहिलं नव्हतं हे मला ते वाक्य बोलतानाच माहीत होतं. म्हणजे खोटंच.

हर्षद आणि आणखी एक जण हत्यारांची पेटी घेऊन उलटे गेले. मोहदरी घाट वर-खाली पाहिला. रस्त्यावर गाडी नाही. मग हर्षदचा फोन आला, आवाज बदललेला होता. म्हणाला, "दादा, वळणावर एके ठिकाणी कठडा तुटलाय. जुनाच असेल बहुतेक. मी खाली उतरून बघतो."

तो दरीत बघायला निघाला होता… माझ्या शब्दावर.

मी म्हणालो, "उतरू नकोस. नाशिकरोडनंतर मी त्यांना पाहिलेलंच नाही."

तो फक्त "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

काका-काकू घाटाच्या बरंच अलीकडे, पळसे गावाजवळ सापडले. अॅक्सिलरेटरची केबल तुटली होती. काकांचा फोन घरी चार्जिंगला, काकूंचा पर्समध्ये आणि पर्स डिकीत. दोघं रस्त्यापलीकडे झाडाखाली बसली होती. हर्षदने मोटरसायकलची केबल कशीबशी बसवली आणि गाडी सिन्नरला आणली. त्या केबलवरून कोणी चेष्टा केली नाही.

काकू मजेतच होत्या. मिसळ खाताना सांगत होत्या की शेजारचा रसवंतीवाला चांगला माणूस निघाला, दोनदा येऊन गेला. "आजी, मेकॅनिक बोलावू का? वळखीचा हाय," म्हणाला. काकू त्याला म्हणाल्या, "नको रे बाबा, आमचा माणूस पुढेच आहे. आत्ता येईल तो."

सव्वा तास त्या असं म्हणत होत्या. पर्स काढायलाही उठल्या नाहीत… गरजच वाटली नाही त्यांना.

मिसळ तशीच ठेवून मी काकांना बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. आरसा, घाट, ते वाक्य. काका माझ्या गाडीत बसले, मला इंजिनचा वेग वाढवायला सांगितलं आणि आरशात पाहिलं. मग म्हणाले, "सुंदर आहे. दिसत काही नाही."

मला वाटलं, आता "जाऊ दे" म्हणतील. ते म्हणाले, "वाईट वाटलं मला. पण दरीत उतरायला हर्षद निघाला होता. माफी त्याची माग."

मागितली. सगळ्यांसमोर, कारण खोटंही सगळ्यांसमोरच बोललो होतो. हर्षद म्हणाला, "दादा, आता ती मिसळ गरम करून घ्या."

निघताना रांग लागत होती. मी आपणहून सगळ्यात मागे जाऊन उभा राहिलो, तिथून कोणाचंच नुकसान होणार नाही म्हणून. काकांनी खिडकीतून हात बाहेर काढून मला पुढे बोलावलं. "तुझी जागा माझ्या पुढे. चल."

ही शिक्षा होती की विश्वास, मी विचारलं नाही. नाशिकपर्यंत चाळीसच्या वेगाने गेलो, आणि दर थोड्या वेळाने पूर्ण मान वळवून मागे पाहिलं. दर वेळी लाल गाडी दिसली.

आज गुरुवार. मान अजून आखडलेली आहे… आणि तक्रार काही नाही.