वावळीची पाच रोपं

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी यांची बदली कलकत्त्याला झाली. आम्ही दमदमला एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. यांचं ऑफिस एस्प्लनेडला, आणि महिन्यातले पंधरा दिवस तपासणीसाठी फिरती. खाली घरमालकीणबाई एकट्या राहत. विधवा होत्या, मुलगा आसामात नोकरीला. सगळे त्यांना मासीमा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. मला बंगाली येत नव्हतं, त्यांना मराठी. हिंदी दोघींचंही मोडकंच. जिन्यात भेटलो की आम्ही हसायचो, आणि तेवढ्यावरच भेट संपायची. हे फिरतीवर असले की कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडून एक शब्द निघत नसे.

त्या वैशाखात मी माहेराहून आणलेली ट्रंक उपसली, तर गोधडीच्या घडीत वावळीच्या आठ-दहा बिया निघाल्या. कागदासारख्या पातळ, गोल पंखांच्या. नगरकडच्या आमच्या अंगणात विहिरीशेजारी वावळ आहे. निघताना ट्रंक उघडी होती, तेव्हा वाऱ्यानं आत पडल्या असणार. लहानपणी आम्ही त्या सोलून खात असू. तोंडात टाकायला एक उचलली, पण खाववेना. मग तुपाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडली, तळ्याकाठची चिकट माती निम्मी वाळू घालून भरली आणि बिया पेरल्या. आठवड्याभरात पाच उगवल्या.

वडिलांना कळवलं. त्यांचं कार्ड आलं : ‘वावळ कोरड्या मुलखाचं झाड. रुजलं की पाणी मागत नाही. तिकडच्या ओलीत मुळं कुजू देऊ नकोस.’ पाऊस लागल्यावर मी डबे गॅलरीत आत ओढले आणि बोट खुपसून माती कोरडी लागली, तरच पाणी घालू लागले.

आषाढात भावाची तार आली. मासीमांच्या हातात किल्ली देत ‘बाबा बीमार’ एवढंच म्हणून मी निघाले. मी पोचले तोवर वडील गेले होते. तेरावं होईपर्यंत घरात माणसं इतकी होती, की मला रडूसुद्धा आलं नाही. महिन्यानं परतले. हे मला घरी सोडून तसेच ऑफिसला गेले.

गॅलरीत गेले तर डब्यांत चिखल. चार रोपं काळी पडून आडवी झाली होती, एकच उभं होतं. मासीमा मागोमाग वर आल्या आणि आनंदानं म्हणाल्या, “हम रोज पानी दिया. सुबह-शाम!”

माझा तोल गेला. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला? विचारायचं तरी होतं! मारलीत तुम्ही ती!” मी मराठीतच ओरडत होते. त्यांना शब्द कळले नाहीत, पण चेहरा उतरला. त्या दारातच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “बाबा?”

मी मान हलवली आणि तिथंच खाली बसले. वडील गेल्यानंतर पहिल्यांदा रडले ते त्या परक्या बाईच्या खांद्यावर. त्या बंगालीत काहीतरी बोलत राहिल्या. मी अर्थ विचारला नाही.

उरलेलं रोप आम्ही दोघींनी परसात विटांच्या तुकड्यांचा उंचवटा करून लावलं. मासीमांनी दोन्ही हातांनी खूण करून विचारलं, “पानी?” मी म्हटलं, “नहीं, मासीमा.” त्यांनी कान पकडले.

दोन वर्षांनी आम्ही नागपूरला निघालो, तेव्हा ते माझ्या खांद्याला लागत होतं. मासीमांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे पत्रं माझीच जात. उत्तर कधीच आलं नाही. पुढं चार वर्षांनी हे कामानिमित्त कलकत्त्याला गेले, तेव्हा मुद्दाम दमदमला जाऊन आले.

“अगं, तुझी वावळ गच्चीच्या वर गेलीय,” आल्या आल्या यांनी सांगितलं.

“आणि मासीमा?”

“घराला कुलूप होतं,” हे म्हणाले. “शेजारीपाजारी विचारलं, पण नक्की कुणालाच सांगता येईना.”

मी यांच्यासाठी पाट मांडला. त्यानंतरही वर्षभर मी त्या पत्त्यावर पत्रं टाकत होते.