डाव्या मांडीवरची कुसळं

माळवदावरून पडलो, कणा मोडला आणि कमरेखालचं शरीर माझं राहिलं नाही. पाय गेल्याचं दुःख होतंच. पण गावभर गुरुजी म्हणवून घेणाऱ्या माणसाची लघवी बायकोने नळी घालून काढायची, याने मी पार खचलो. मधेच नकळत कपडे ओले होत, ते वेगळंच. पुढे मुंबईच्या एका डॉक्टरांनी नव्यानेच निघालेलं ऑपरेशन केलं. पायाकडे जाणारी एक नस त्यांनी मूत्राशयाच्या नसेला जोडली. नस झाडाच्या मुळासारखी सावकाश वाढते. वाढली, तर डावी मांडी खाजवली की लघवी होईल, असं ते म्हणाले. बायकोने महिनोन्महिने खाजवली. काही होईना. शेवटी मीच वैतागून तिला थांबवलं आणि देवावर रुसून बसलो.

तरी चतुर्थीला तिने मला जीपमध्ये घालून राजूरच्या गणपतीला नेलंच. चाकाची खुर्ची गवतातून ओढत देवळाजवळ आणली, तोवर पायजमा कुसळांनी भरला होता. पण मी आत जायला तयार होईना. गाभाऱ्यात कपडे ओले झाले तर? विटाळ होईल, ही भीती.

"बरं, ऱ्हाऊ द्या. हितंच बसा," म्हणत ती दुर्वा विकणाऱ्या एका म्हातारीशेजारी टेकली आणि माझ्या डाव्या मांडीवरची कुसळं नखाने खरडून काढू लागली. मला अर्थातच काही जाणवत नव्हतं. एकाएकी तिचा हात थांबला. पायजम्यातून धार लागली होती. तिने हात उचलला, धार थांबली. पुन्हा खरडलं, पुन्हा सुरू! आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मी हमसून हमसून रडलो.

माणसं वळून बघू लागली, तशी म्हातारीने दुर्वांवर शिंपडायच्या पाण्याची बादली माझ्या मांडीवर ओतली. "माय गं, माझ्याच हातून लवंडली!" ती मोठ्याने म्हणाली. मग हळूच, "रडू नका, गुरुजी. लेकरानं मायच्या मांडीवर केल्यानं विटाळ व्हत न्हाई."

तिला मी गुरुजी आहे हे कसं कळलं, ते मी विचारलं नाही. मी आशा सोडून दिली तेव्हाही ती नस आत वाढतच होती, एवढं मला पुरे आहे. लोक जेवायला बसताना देवाचं नाव घेतात. मी लघवीच्या वेळी घेतो, आणि मनापासून घेतो.