अक्कांच्या डोळ्यांचा नंबर

पुण्यात मी चौदा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात चष्म्याचे नंबर काढले. आईच्या मागे घरात माझ्याखेरीज कुणी उरलं नाही, तेव्हा एक्केचाळिसाव्या वर्षी सोलापूरला येऊन स्वतःचं दुकान काढलं. सोलापूरच का, असं सगळ्यांनी विचारलं. माझं या गावात नात्याचं कुणी नव्हतं. पण पुण्यात माझ्यासारखीला रस्त्याला लागून गाळा मिळणं शक्यच नव्हतं, आणि इथं तो मिळाला. राहायची खोली चालत दहा मिनिटांवर. पाटीवर काय लिहायचं, फ्रेमा कुठल्या ठेवायच्या, सुट्टी कधी घ्यायची, हे मी ठरवणार होते. त्या एका गोष्टीचं मला फार अप्रूप होतं.

गिऱ्हाइकं चांगली मिळाली. मंगळवेढ्याकडचे मेंढरं राखणारे एक आजोबा चष्मा घेऊन गेले आणि महिन्याभरानं पिशवीभर शेंगा घेऊन परत आले. "तुमी दिल्याला चष्मा लई ब्येस हाय की," म्हणाले. "डोंगरावरचं कोकरू खालनं दिसतंय." पुण्यात असं कुणी सांगायला आलं नव्हतं.

पण दुपारी दीडला सगळा बाजार शटर ओढून जेवायला घरी जायचा आणि साडेचारपर्यंत फिरकायचा नाही. माझी खोली पत्र्याची. उन्हाळ्यात तिथं बसवत नसे, म्हणून मी दुकानातच डबा खायचे. रस्त्यावर माणूस नसायचं. पंख्याचा आवाज ऐकत मी पुसलेल्या काचा पुन्हा पुसायचे. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांत इतक्या जवळून बघत होते, पण माझ्याकडे बघून "आज चेहरा का उतरलाय?" असं विचारणारं गावात कुणी नव्हतं.

शेजारच्या गाळ्यात टॉवेल आणि चादरींचं दुकान होतं. ते सत्तरीच्या एक तेलुगू बाई चालवत. त्यांच्या घरी पूर्वी माग होते. माग गेले, नवरा गेला, तरी दुकान त्यांनी धरून ठेवलं होतं. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला. सगळा बाजार त्यांना अक्का म्हणे, मीही म्हणू लागले. त्याही दुपारी घरी जात नसत. एके दिवशी स्टीलचा डबा घेऊन त्या माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "एकटीनं जेवू नये, पोरी. अंगाला लागत न्हाई."

त्यानंतर दोन वर्षं आम्ही रोज एकत्र जेवलो. त्या अंबाडीची चटणी आणायच्या, मी भाजी. जेवण झालं की त्या मला तेलुगू शब्द शिकवायच्या आणि माझ्या उच्चारांना हसायच्या. मी घरून उशिरा निघाले तर "आज डोळा लागला व्हय?" असं विचारायच्या. मला तेवढं पुरत होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की अक्का चहा कपाच्या कडेला ओततात. त्यांच्या दुकानात डाव्या बाजूच्या चादरींच्या गठ्ठ्याला त्यांचा धक्का लागायचा. "नंबर वाढला असंल, नवा चष्मा दे," त्या म्हणाल्या. मी त्यांना खुर्चीत बसवलं. समोरची बारीक अक्षरंसुद्धा त्यांनी वाचली. मग मी त्यांना माझ्या नाकाकडे बघायला सांगून बाजूनं बोटं हलवत आणली. डावीकडची बोटं जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत त्यांना दिसली नाहीत.

"अक्का, हे चष्म्याचं काम नाही," मी म्हणाले. "काचबिंदू असावा. डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. मी येते बरोबर."

त्या खुर्चीतून उठल्या. "डॉक्टरकडं गेलं की पोराला कळतंय. पोराला कळलं की दुकान बंद करतो. तो बघतोच हाय त्याची वाट."

"पण नजर जाईल."

"समोरचं दिसतंय की मला. तू कुणाला सांगू नको. एवढं एक ऐक माझं."

मी ऐकलं. नंतर आणखी दोनदा विषय काढला. त्यांनी तो टाळला आणि मी टाळू दिला. गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगू नये, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. त्यांचं दुकान बंद झालं असतं, तर माझ्या दुपारी पुन्हा तशाच एकट्या झाल्या असत्या. असे पाच महिने गेले.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी अक्का दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर उतरल्या. डावीकडून येणारी मोटारसायकल त्यांना दिसलीच नाही. चालवणाऱ्यानं ब्रेक दाबला, तरी त्या पडल्या आणि मनगट मोडलं. रिक्षानं मीच त्यांना दवाखान्यात नेलं. वाटेत त्या माझा हात धरून होत्या. "दुसरं काय बोलू नको हं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मुलगा कंपनीच्या कपड्यांतच आला. मी त्याला बाहेर नेऊन सगळं सांगितलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मान हलवून तो आत गेला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येणार नाही. औषधाचे थेंब नेमानं घातले तर आहे ती टिकेल. लवकर आणायला हवं होतं, असंही म्हणाले. महिन्याभरात मुलानं दुकान आवरलं. गठ्ठे टेम्पोत चढत असताना मी गिऱ्हाइकाचा नंबर काढत होते आणि तीनदा चुकले. पुढे त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकणारे दोघं भाऊ आले. दुपारी ते घरी जातात.

मी अक्कांना भेटायला गेले. सून सुशीला चहाला म्हणून आत गेली, आम्ही दोघीच उरलो. अक्का दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

"माझं चुकलं, अक्का," मी म्हणाले. "मी आधीच सांगायला हवं होतं."

"आधी?" त्यांनी मान वळवून मला नजरेसमोर आणलं. "तू सांगितलंसच कशाला? एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडं."

मी ज्या चुकीची माफी मागायला गेले होते, ती त्यांच्या लेखी चूकच नव्हती. त्यांना वेगळंच लागलं होतं, आणि त्याची माफी मला मागता येत नव्हती. आम्ही चहा प्यालो. थेंबांच्या वेळा मी विचारल्या, त्यांनी सांगितल्या. निघताना म्हणाल्या, "दुपारची येऊ नको आता. मी झोपते."

दोन वर्षं शेजारी काढून मला माहीत होतं, त्यांना दुपारची झोप येत नाही.

त्यालाही आता वर्ष होत आलं. पुण्याहून पूर्वीच्या साहेबांचा फोन आला होता, परत येतेस का म्हणून. मी नाही म्हटलं. तिथं माझी वाट बघणारं तरी कोण होतं? इथं निदान पाटी माझी आहे, आणि नजर कमी झाली की तालुक्यातली माणसं विचारत विचारत माझ्या दारात येतात. गाळ्याचा करार मी पुन्हा केला. आता नुसता स्क्रू पिळून घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांनाही मी खुर्चीत बसवते आणि बाजूनं बोटं हलवून बघते. शंका आली तर घरच्या माणसाला तिथंच फोन लावायला लावते. काहीजण त्यावरून चिडून गेले आणि परत आले नाहीत.

महिन्यातून एकदा अक्कांची सून औषधवाल्यानं दिलेली थेंबांची नवी बाटली तीच आहे ना, हे दाखवायला येते. मी विचारते, कशा आहेत. ती म्हणते, बऱ्या आहेत. मग दीड वाजतो, शेजारची शटरं खाली येतात, आणि मी डबा उघडते.