राहिलेली फेरी

मास्तरांच्या जुन्या गाडीच्या एसीत नवा गॅस भरताना मेकॅनिक कंप्रेसरमधलं जुनं तेल बदलायला विसरला. नव्या गॅसशी ते तेल जमेना, कंप्रेसर जाम झाला. तेही थंडोबा म्हणून गावभर ओळखल्या जाणाऱ्या मेकॅनिकच्या हातून!

"थंडोबा, घाम काढलास की रे!" तोंडातली लवंग फिरवत मास्तर हसले. "आता नीट कर. मग गार हवेत एक फेरी मारू दोघं."

नवा कंप्रेसर यायच्या आत मास्तरच गेले.

"त्यांचं काम अर्धवट ठेवू नकोस बाबा," मास्तरीणकाकू म्हणाल्या.

थंडोबाने नळ्या धुतल्या, नवा कंप्रेसर बसवला, तेल बदललं, एसी लावला. धुतलेल्या नळ्यांतून गार झोत आला, आणि झोताला लवंगेचा वास.

"बसा मास्तर," तो शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाला. पण गिअर टाकायला हात धजेना. ती फेरी अजून राहिलीच आहे.