दहा अंशांची मान

फुकट मिळालेल्या गोष्टीचा प्रेमानंद गमरेला जेवढा अभिमान वाटायचा, तेवढा त्याला स्वतःच्या डिप्लोमाचाही वाटत नसेल. ओमानमधल्या सोहारच्या ॲल्युमिनियम कारखान्यात तो मेंटेनन्सला होता. ऑफिसने टाकून दिलेला एक वेबकॅम त्याने घरी आणला, कंप्युटरवर चिकटवला, ट्रक चालवायच्या गेमसाठी कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि जगाला शहाणं करायला मोकळा झाला.

"लोक यासाठी महागडी यंत्रं घेतात, येडे कुठले! हा कॅमेरा माझा चेहरा बघतो. मी मान वळवली की गेममधला ड्रायव्हरही वळवतो. खर्च शून्य!"

"आणि लायसन्स?" त्याच्या बायकोने, रचनाने विचारलं.

"अगं, त्याचीच तर प्रॅक्टिस चाललीय."

लायसन्स त्याला हवं होतं असं नाही, कारण त्याला न्यायला कंपनीची बस यायची. ते हवं होतं रचनाला. जवळच्या सहम गावातल्या एका दवाखान्यात तिला लॅबमध्ये जागा मिळत होती. लग्नानंतर मस्कतचं विमान धरलं तेव्हापासून तिने स्लाइड हातात घेतली नव्हती. सेकंडहँड गाडी बिल्डिंगखाली धूळ खात उभी होती, फक्त ती चालवायला घरात कुणी नव्हतं. "मी सोडीन तुला रोज," असं प्रेमानंदनेच छाती फुगवून सांगितलं होतं. त्या शब्दावर दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार झाल्या होत्या.

गाडी शिकवणाऱ्या ओमानी माणसाने स्टिअरिंग आणि रिव्हर्स शिकवलं, तेवढ्यात याने त्याला रामराम ठोकला. "अण्णांनी आयुष्यभर एसटी चालवली. गाडी माझ्या रक्तात आहे."

अण्णा म्हणजे त्याचे दिवंगत वडील, गणपतराव. भिंतीवरच्या फोटोत ते खाकी कपड्यांत ताठ बसलेले होते.

मग घरात नवे नियम लागू झाले. भर दुपारी पडदे बंद. ट्यूबलाइट समोरची, मागची नाही. रचनाने खुर्चीमागून जायचं नाही, कारण कॅमेरा तिचा चेहरा पकडायचा आणि गेममधल्या ट्रकचा ड्रायव्हर समोरचा रस्ता सोडून स्वयंपाकघराच्या दिशेने बघत बसायचा. एकदा प्रेमानंद खाली पडलेली चकली उचलायला वाकला, तर कॅमेऱ्याने सरळ भिंतीवरचे अण्णा धरले. ड्रायव्हरची नजर एकदम स्थिर झाली.

"निदान अण्णा तरी नीट रस्त्याकडे बघतायत," रचना म्हणाली.

"तो फोटो जरा हलवायला पाहिजे."

"फोटोला हात लावा, मी तुमचं टेबल गॅलरीत टाकते."

शुक्रवारी शेजारचा साकिब आला. तो मूळचा दापोलीचा, इथे त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. प्रेमानंदने त्याला बिर्याणीच्या आधी ट्रक दाखवला.

"प्रेमभाई, मान एवढीच हलवायची? नाकावर माशी बसली तरी माणूस याहून जास्त हलतो."

"तीच तर गंमत आहे, साकिब! माझी मान दहा अंश, गेममध्ये नव्वद. डोळे स्क्रीनवरच राहायला हवेत ना? पूर्ण वळलो तर स्क्रीन कोण बघणार?"

"भाभी," साकिबने हळूच विचारलं, "यांना इन्शाल्ला पास करणार का कोणी?"

कोणी केलं नाही. पहिल्या रोड टेस्टहून प्रेमानंद आला तो टेस्ट घेणाऱ्या पोलिसाच्या नावाने खडे फोडत. "म्हणतो, आरशात बघितलं नाहीस, खांद्यावरून बघितलं नाहीस. मी सगळीकडे बघितलं! त्यालाच दिसत नाही."

त्या संध्याकाळी दोघं खुबूसच्या रोट्या आणायला खाली उतरले. रस्त्याच्या कडेला प्रेमानंदने हनुवटी अंगठाभर उजवीकडे नेली, अंगठाभर डावीकडे नेली, डोळे मात्र समोरच्या दुकानाच्या पाटीवर ठेवले आणि सरळ पाय टाकला. रचनाने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. एक पिकअप हॉर्न वाजवत अगदी जवळून गेली.

रचनाच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला.

"अहो, तुम्ही बघितलंत का?"

"बघितलं की!"

"काय बघितलंत? नुसतं नाक हललं तुमचं. टेस्टमध्येही हेच करता तुम्ही. तो खेळ बंद करा आणि मान वळवायला शिका."

प्रेमानंद हसला. अडाण्याची कीव करावी तसं हसला. "तुला सेन्सिटिव्हिटी कळत नाही, रचना."

दुसऱ्या टेस्टला त्याने पोलिसाला इंग्रजीत समजावलं, "सर, मी बघितलं होतं." पोलिसाने त्याच्या मानेकडे नीट निरखून पाहिलं, "खलास" म्हणाला आणि गाडी बाजूला घ्यायला लावली.

महिना सरला. डॉक्टरीणबाईंनी फोनवर गोडच सांगितलं, पण जागा दुसरीला दिली होती. रचना फोन हातात धरून उभी राहिली. आतून हाक आली, "रचना, पडदा ओढ ना जरा, कॅमेऱ्यावर ऊन येतंय!"

तिने पडदा ओढला नाही. तिथेच उभ्या उभ्या तिने रईसाला फोन लावला. ही बलुची वळणाची हिंदी बोलणारी ओमानी बाई बायकांना गाडी शिकवायची.

"तू चालवणार?" प्रेमानंदला हसू आवरेना. "अगं, तुला सायकल येत नाही!"

"तुम्हाला सायकल येते. पुढे काय झालं?"

पहिल्याच दिवशी रईसाने तिची हनुवटी धरून खांद्यापर्यंत वळवली. "कंधा देखो, बहन. पूरा." रचना पूरा बघायला शिकली. कणीक मळताना, दोरीवर कपडे टाकताना, ती मान वळवून मागे बघायची. ती एकदा नापास झाली आणि पुन्हा टेस्टला बसली. उन्हाळा सरता सरता पास झाली.

त्याच सुमारास सहमच्या दवाखान्यात पुन्हा एक जागा निघाली. डॉक्टरीणबाईंनी भेटायला बोलावलं. रचना इथल्या पद्धतीप्रमाणे डावीकडे, स्टिअरिंगवर बसली. सुट्टी असल्यामुळे प्रेमानंद तिच्या उजव्या बाजूला बसला आणि बसल्या बसल्या त्याने साकिबला फोन लावला.

"हो रे, पास झाली! घरात माझा सेटअप बघून बघून शिकली. एकदम फुकट!"

राउंडअबाउट आलं. रचनाने मान पूर्ण डावीकडे वळवली. तिकडून एक टँकर येत होता. तो जाईपर्यंत ती थांबली. मग रस्ता मोकळा झाला, तरी ती आणखी थोडा वेळ तिकडेच बघत राहिली. त्या बाजूला प्रेमानंद नव्हता.