डोळे येईपर्यंत वाघ

वाघ रंगवायचा तर सगळ्यांत किचकट काम काजळीचं, आणि ते नेहमी माझ्या गळ्यात. जवसाच्या तेलाचा दिवा लावायचा, त्याच्यावर मातीचं परळ उपडं धरायचं आणि बसून राहायचं. हाताला रग लागायची, नाकात काळं जायचं, आणि एवढं करून हाती काय, तर चिमूटभर काजळी. पिवळा रंग माय स्वतः करायची, तिथं मला हात लावू देत नसे. पिवडी पाट्यावर वाटायची, त्यात बाभळीच्या भिजवलेल्या डिंकाचं पाणी घालायचं म्हणजे रंग झडत नाही, आणि तेलाचा एक थेंब म्हणजे कातडं ओढत नाही. पांढऱ्याला खडू. एखादी शहाणी खडूऐवजी चुना लावायची. पोराचं अंग सोलून निघायचं, पोर बोंबलायचं, आणि ही वरून म्हणायची, पाहा, वाघ अंगात आला! अशाही बाया होत्या आमच्याकडे.

आमच्या मंगरूळपीरच्या बाजूला तेव्हा मोहरमात पोराला वाघ करायचा नवस बोलत. हिंदूंची पोरं काय अन् मुसलमानांची काय, सगळीच वाघ व्हायची. पोर दुखण्यातून उठलं की त्याच्या अंगावर पट्टे ओढायचे, कमरेला दोरीची शेपटी बांधायची आणि मिरवणुकीतल्या पंजाच्या सवारीपुढे ताशावर नाचवायचं. आधी पोर बरं होणार, मग वाघ, असा तो रिवाज. माझ्या मायनं तो उलटा करून टाकला.

माझ्या पाठच्या भावाला चार वर्षांचा असताना देवी आल्या. जीव वाचला, पण दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. काळ्या बुबुळावर दुधाच्या सायीसारखं पांढरं. बाबांनी त्याला बैलगाडीत घालून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं डोळे वर करून पाहिले, खाली करून पाहिले आणि सांगितलं, नजर गेली, आता येणार नाही. बाबांनी घरी येऊन तेवढंच सांगितलं आणि बैल सोडले. मायनं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या रंगरेज चाचांकडे पिवडी मागायला गेली.

चाचा कपडे रंगवण्याचा धंदा करत. भला माणूस. त्यांनी विचारलं, "पोराले दिसू लागलं काय, बाई?"

"नाही."

"मंग वाघ कायले? पयले मुराद, मंग मन्नत. असा उलटा सौदा कोनी करते काय?"

"मी करतो," माय म्हणाली. "मी आधीच देऊन टाकतो. घेऊन बसल्यावर देव नाही कसा म्हणन?"

चाचांनी पिवडी दिली. पैसे घेतले नाहीत, आणि मान हलवत राहिले. डोळे येईपर्यंत दर साल वाघ, असं मायनं सवारीपुढे उभं राहून मोठ्यानं सांगितलं. सगळ्या गावानं ऐकलं. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. गायी राखत असेल, मला माहीत नाही. आंधळ्याला कोण राखतं ते कुणी म्हणत नाही.

पहिली काही वर्षं त्याला मजा आली. ते खोटं बोलणार नाही मी. ओला रंग पोटावर लागला की तो खिदळायचा, माय ओरडायची, "हलू नको रे लेका, पट्टा वाकडा होते." डोळ्यांभोवतीचं पांढरं ती सगळ्यांत शेवटी, करंगळीनं लावायची, आणि लावताना तिचे ओठ हलत. ताशा वाजू लागला की तो असा नाचे की डोळस पोरं बघत राहत. बायका त्याला ओवाळत, हातावर रेवड्या ठेवत. माझा भाऊ वाघ, म्हणून मीही तोऱ्यात चालायची.

पण वाघ म्हणजे लहान पोरं. भाऊ वाढला. मिसरूड फुटायची वेळ आली तरी अंगावर लंगोटी, पिवळं अंग आणि मागे शेपटी. बाकीचे वाघ त्याच्या कमरेला लागत. पोट्टे शेपूट ओढून पळायचे, "आंधळ्या वाघा, पकड मले!" एकदा तो त्यांच्यामागे धावला आणि ताशेवाल्यावर जाऊन आदळला. ताशा एकीकडे, हा एकीकडे. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. काजळीच्या पट्ट्यांखालून ते रडत होतं.

त्या दिवशी घरी येताना त्यानं विचारलं, "माय, कधीलोक करशील मले वाघ?"

"डोळे येईलोक," माय म्हणाली. चालता चालता म्हणाली, थांबलीसुद्धा नाही.

पुढच्या साली ताबूत पाण्यात थंडे झाले आणि माय त्याला विहिरीवर घेऊन गेली. रंग धुवायचा म्हणजे भिजवून, चोळून, पुन्हा भिजवून. मी पाणी शेंदत होते, ती ओतत होती. तो खाली मान घालून बसला होता. एकदम म्हणाला, "माय, मले दिसून राह्यलं."

मायच्या हातातला लोटा थांबला. "काय दिसते?"

"पिवळं. पाण्यात पिवळं दिसून राह्यलं."

माय मोठ्यानं किंचाळली. विहिरीवरच्या बाया धावल्या. तिनं त्याला ओल्या अंगानं कवटाळलं, तिचं लुगडं पिवळं झालं, आणि ती रडत होती, हसत होती, जो येईल त्याच्या पाया पडत होती. घरी जाऊन तिनं होता तेवढा गूळ वाटला. बाबांनी भावाकडे एकदा पाहिलं, गुळाचा खडा घेतला आणि शेतात निघून गेले.

दुपारी कडब्याच्या गंजीमागे भावानं माझा हात धरला. "बाई, तुले सांगतो. मले काहीच दिसत नाही. अंगाले पिवळं लावते माय, मंग पाण्यात पिवळंच असन ना? आता मले वाघ नाही करणार ना ती?"

माझं डोकं सणकलं. त्याच्यावर नाही, सगळ्यांवर. मी तशीच मायकडे गेले आणि सांगून टाकलं. तिनं फाडकन माझ्या तोंडात मारली. "भावाच्या डोळ्याले नजर लावतं, कारटे! एवढ्या वर्षांनी देवानं ऐकलं अन् तुया पोटात दुखून राह्यलं?" मी रडत चुलीपुढं बसले. तिनं कोपऱ्यात उभी असलेली भावाची काठी आणली, गुडघ्यावर मोडली आणि माझ्यासमोर चुलीत घातली. म्हणाली, आता काय करायची?

वाघ होणं सुटलं, आणि भलतंच गळ्यात पडलं. आता त्याला दिसत होतं ना! मग त्यानं शेळी सोडून आणावी, चुलीवरचं पातेलं उतरवावं, कुणी दारात आलं तर कोण आलं ते सांगावं. चौकटीवर कपाळ आपटलं की माय म्हणे, "लक्ष कुठी राह्यते तुयं?" हात भाजला तेव्हा हळद लावता लावता तेच म्हणाली. त्यानं घर पाठ करून टाकलं. खुंटी कुठं, घागर कुठं, उंबरा कुठं, सगळं. कुणी एखादी वस्तू हलवली की माझा जीव खाली-वर व्हायचा. माय नवीन लुगडं नेसून त्याच्यापुढं उभी राहायची, "कसं दिसते रे?" तो म्हणायचा, "चांगलं दिसते, माय."

पण एक गोष्ट सांगते. त्याच्यापुढं बोटं धरून, ही किती ते सांग, असं मायनं एकदाही विचारलं नाही. तिच्या मनात ते आलंच नसेल? मला नाही वाटत. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. मला तेव्हा तिचा संताप यायचा. अजूनही येतो, आणि सोबत तिची कीवही येते. दोन्ही एकदम होतं, काय करू?

वर्ष गेलं. पुन्हा मोहरम आला आणि मेडशीकडची एक बाई आमच्या दारात उभी राहिली. कडेवर तीनेक वर्षांचं पोर. डोक्यावर पदर, पाय पोटऱ्यांपर्यंत धुळीनं भरलेले. कुठून तरी बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, की इथल्या एका मायनं नवस आधीच फेडला आणि तिच्या पोराला डोळे आले. तिच्या पोराच्या दोन्ही डोळ्यांत फूल होतं. "त्याच हातचा रंग लावून द्या, बाई," ती म्हणाली.

मायला केवढा आनंद झाला! तिनं बाईला पाणी दिलं, पाट मांडला, पिवडी काढली. वाटता वाटता सगळं सांगू लागली, कसं पाणी ओतलं, कसा तो म्हणाला. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. बाईनं त्याला विचारलं, "बापू, खरंच दिसते काय रे तुले?"

तो उठला. आवाजाच्या रोखानं हात पुढं केला आणि पोराचं तोंड चाचपलं. गालावरचे देवीचे वण चाचपले. मग म्हणाला, "नाही, मावशी. मले काही दिसत नाही. तवाही दिसलं नव्हतं. मी लबाड बोललो होतो. याले नका करू वाघ, लोक हासतात."

मायचा वरवंटा थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. "मस्करीखोर आहे मोठा," ती हसून म्हणाली. "दिसू लागल्यापासून त लय बोलाले लागला."

बाई मायकडे बघत नव्हती. ती भावासमोर उभी होती आणि दारातून ऊन सरळ त्याच्या तोंडावर येत होतं. बुबुळावरचं पांढरं तिला स्पष्ट दिसत होतं. तिच्या पोराच्या डोळ्यांत होतं तेच. तिनं ते पुरतं पाहून घेतलं. मला वाटलं, आता ही पोराला उचलेल आणि चालती होईल. मी मनात म्हणत होते, जा, बाई, जा.

तिनं पोराला कडेवरून उतरवलं आणि पाटावर बसवलं.

"रंगवा," ती मायला म्हणाली. "आता घरी नेऊन तरी काय करू याचं?"

गार रंग लागला तसं लेकरू वळवळू लागलं. डोळ्यांपाशी मायनं दोनदा बोट मागं घेतलं. तेव्हा माझा भाऊ त्याच्या मागं जाऊन बसला, आणि रंग डोळ्यांत जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी त्याचं डोकं घट्ट धरून ठेवलं.