साल सोललेले धावडे

बोरीच्या वाचनालयातल्या मित्रांनो, आज सकाळी रानात जे पाहिलं ते लिहून या फळ्यावर लावतोय.

निजामी गेल्यापासून या रानाचा राखणदार मीच आहे. सरपणाला फक्त वाळलेलं झाड तोडायचं, हा नियम मीच घरोघर सांगितला. दर वर्षी मेलेली झाडं मोजून वरच्या कचेरीत कळवतो. रान तगेल की नाही, ते त्यावरून समजतं.

यंदा आकडा लयच वाढला. मला वाटलं, रोग पडला.

आज एका धावड्याच्या झाडापाशी गावातल्या गंगाबाई दिसल्या. कोयत्यानं बुंध्याची साल गोल सोलत होत्या. अशी साल काढली की झाड उभ्या उभ्या वाळतं.

मी विचारलं, "बाई, हे काय चाललंय?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमीच म्हणले न्हाई का, वाळलेलंच न्या म्हणून? मग वाळवायलोत. सगळंच गाव करायलंय."

टेकडीभर फिरलो. बुंध्याबुंध्याला तेच कडं, आणि खाली नवं रोप एकही नाही.

आता मोजणीची वही उघडून बसलोय. सोललेली झाडं वरून अजून हिरवीगार आहेत. त्यांना जित्यात धरू की मेलेल्यात, तुमीच सांगा.